आधी पाळ, मग घर : भंडाऱ्याच्या स्थलांतरांचा एक इतिहास

घर हलवण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. बिऱ्हाड हलते, गाव उठते, वस्ती मोडते, एखाद्याचे चंबूगबाळे आवरले जाते. जिथे एके काळी गाव होते आणि आता चिंचेची चार झाडे, पडका पार आणि बुजलेली विहीर एवढेच उरले आहे, त्या जागेला रीठ म्हणतात. विदर्भाच्या महसुली दप्तरांत अशी 'रिठी' गावे माणसांवाचून आजही नावानिशी नांदत असतात. या शब्दसंग्रहाकडे जरा थांबून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. यांतील बहुतेक शब्द संकट येऊन गेल्यानंतरचे आहेत. संकट येणार हे ओळखून, ते येण्यापूर्वीच शहाणपणाने जागा बदलणाऱ्या कुटुंबासाठी आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द सहजी सापडत नाही.

हा प्रश्न आज केवळ शब्दांचा राहिलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर आणि पाठोपाठ आलेल्या पुरांनंतर अनेक सुशिक्षित घरांत एक चर्चा सुरू झाली : राहावे कोठे? कोणत्या ठिकाणी गेले असता पाणी, धान्य, औषध आणि माणसे हाताशी राहतील? अमेरिकेत या विषयावर एक स्वतंत्र वाङ्मयच निर्माण झाले आहे. शहर सोडावे, दूर कोठेतरी जमीन घ्यावी, विहीर खणावी, वर्षभराचा शिधा भरून ठेवावा, असा त्याचा साधारण आशय असतो. त्या वाङ्मयातील एकक एकटे कुटुंब असते, आणि शेजारी हा बहुधा संभाव्य संकटाचाच एक भाग मानलेला असतो. आपल्याकडे अशा पूर्वतयारीचा काही इतिहास आहे काय, आणि असल्यास त्याचे एकक कोणते, हे पाहण्यासाठी आम्ही भंडारा जिल्हा निवडला आहे. पाण्याच्या भयाने आणि पाण्याच्या ओढीने माणसे येथे जितक्या वेळा वसली आणि उठली, तितकी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी वसली-उठली असतील.

आरंभी भूगोल थोडा स्पष्ट केला पाहिजे. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा जिल्ह्यातून दक्षिणेकडे वाहते आणि पुढे वर्धेस मिळून प्राणहिता होते. जिल्हा धानाचा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. त्यापूर्वीचा भंडारा जिल्हा म्हणजे या दोहोंचा मिळून झालेला प्रदेश. आमच्या विवेचनात 'जुना भंडारा' असा उल्लेख येईल तेव्हा हा एकत्र प्रदेश समजावा. भाषेच्या दृष्टीने तो झाडीबोलीचा आणि दंडारीचा, म्हणजे झाडीपट्टीचा मुलूख आहे. पाऊस येथे पश्चिम विदर्भापेक्षा पुष्कळ पडतो. पण धानाला केवळ पाऊस पुरत नाही, तो वेळेवर पडावा लागतो. रोवणी झाल्यावर पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहिले की भरघोस पावसाच्या वर्षीही बांध्या भेगाळतात. येथला दुष्काळ बहुधा अशा खंडातून जन्मतो, आणि येथली पूर्वतयारी समजून घ्यायची तर हा खंड आधी समजून घेतला पाहिजे.

या प्रदेशातील ज्ञात स्थलांतरांपैकी सर्वांत बोलके स्थलांतर कोहळ्यांचे. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथील पाणी अडवणाऱ्या लोकांचे कसब पाहून प्रसन्न झाला आणि त्याने त्यांना आपल्या राज्यात आणून वसवले, अशी या समाजाची परंपरागत आख्यायिका आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथातही कोहळ्यांची नोंद आहे. आख्यायिकेला इतिहास मानण्याचे कारण नाही. तिच्यातील एक गोष्ट मात्र जमिनीवर आजही दिसते : हे लोक जेथे गेले तेथे त्यांनी तलाव बांधले. त्यांना ऊस लावायचा होता, आणि उसाला बाराही महिने पाणी लागते. त्या गरजेपोटी त्यांनी जागा निवडण्याची एक रीतच घालून दिली. दोन टेकड्यांमधली खिंड पाहायची, तीत मातीची पाळ घालायची, पाळीखाली पाट काढायचे, पाटाखाली धानाच्या बांध्या आणि उसाचे वाफे. गाव बसायचे ते या सर्वांच्या बाजूला, उंचवट्यावर. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखालच्या जमिनीवर विशेष हक्क मिळत असे, असेही परंपरा सांगते. थोडक्यात, आधी पाळ आणि मग घर.

नवेगाव बांध हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. आज ते गोंदिया जिल्ह्यात आहे. डोंगरांच्या कड्यातील फटी पाळींनी बुजवून केलेला हा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधला असे मानतात. लोकांनी पुढे त्याला कोलासूर म्हणून देवपण दिले आणि तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्याचे ठाणे मानले. ज्याने पाण्याची तरतूद केली तो देव झाला, ही गोष्ट या प्रदेशाच्या मनोरचनेविषयी पुष्कळ सांगून जाते. पूर्व विदर्भातील चार जिल्ह्यांत मिळून असे लहानमोठे सहा-सात हजार तलाव असल्याचे सांगितले जाते. लहान असेल तो बोडी, मोठा असेल तो बांध.

तलावांच्या या रचनेत एक अवयव आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तो म्हणजे सलंग. पाळीच्या एका टोकाला, जादा पाणी निघून जावे म्हणून ठेवलेला हा सांडवा. तलाव बांधणारा पाणी साठवण्याचा विचार करतो हे उघड आहे. पण चांगला तलाव बांधणारा पाळ घालण्यापूर्वीच तलाव कधीतरी भरून वाहणार हे गृहीत धरतो आणि ते पाणी कोणाच्या शेताला न बुडवता कोठून जाईल, खालच्या कोणत्या बोडीत पडेल, हे ठरवून ठेवतो. वरच्या तलावाची सलंग खालच्या तलावाला भरते, त्याची त्याहून खालच्याला. अशी साखळी जिथे आहे तिथे एका गावाची तयारी दुसऱ्या गावाच्या तयारीशी जोडलेली असते. सलंग बुजली किंवा कोणी ती आपल्या सोयीसाठी उंच केली, तर पाळ फुटते, आणि फुटलेली पाळ वरचे-खालचे असा भेद करीत नाही. पूर्वतयारी म्हणजे काय, याची यापेक्षा नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही : साठा किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच साठ्याबाहेर जे जाईल त्याची वाट आधी ठरलेली असणे महत्त्वाचे.

या चित्रास सोनेरी चौकट लावण्याचा मोह टाळला पाहिजे. पाळ घालणाऱ्या पाटलाचे नाव आख्यायिकेत राहिले. ज्यांनी माती वाहिली त्यांची नावे राहिली नाहीत. पाटाच्या तोंडाशी कोणाची शेती आणि शेपटाशी कोणाची, हे जातीच्या आणि मालकीच्या उतरंडीनेच ठरत असे. ढिवरांचा संबंध मासोळीपुरता, भूमिहीनांचा संबंध मजुरीपुरता. १८६० च्या दशकातील इंग्रजी बंदोबस्ताने मालगुजारास गावाचा मालक करून टाकल्यावर तर ही उतरंड कागदावर पक्की झाली. तरीही निस्ताराचा हक्क, म्हणजे तलावाचे पाणी गुरांना, न्हाण्याधुण्याला आणि घरवापराला घेण्याचा सर्वांचा हक्क, दप्तरात नोंदलेला राहिला, आणि पाळीची डागडुजी हे गावाचे सामाईक काम राहिले. तयारी विषम होती, पण ती गावाच्या हातात होती.

ही तयारी पुरत नसे तेव्हा काय होई? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. तलावदेखील पावसानेच भरतात; सलग वर्षे कोरडी गेली की पाळीमागे नुसती भेगाळलेली गाळाची जमीन राहते. अशा वेळी कुटुंबाची स्वतःची म्हणून जी तरतूद असे ती दोन प्रकारची होती. पहिली रानातली : मोहफूल, टेंभरे, कंद. दुसरी शेतातली, आणि ती म्हणजे लाखोळी. धान उभे असतानाच त्याच्या ओलीवर लाखोळी फेकून पेरतात. तिला नांगरट नको, पाणी नको, इतर सारे वाळले तरी ती हाती लागते. आपत्काळाचे याहून स्वस्त पीक नाही. परंतु दुष्काळात दिवसचे दिवस केवळ लाखोळीवर काढणाऱ्या माणसांचे पाय जखडतात, आणि ते पुन्हा सुटत नाहीत. ज्याच्या घरात दुसरे काही धान्य असे, त्याला ती डाळ म्हणून बाधत नसे. ज्याच्याकडे तिच्यावाचून काहीच नसे, त्यालाच ती पांगळे करी. शिधा भरून ठेवला की कुटुंब सुरक्षित झाले, असे मानणाऱ्यांनी लाखोळीचा हा इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा. आपत्काळातले अन्न सर्वांसाठी सारखे नसते.

तिसरी वाट रेल्वेने उघडली. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरपासून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग या जिल्ह्यातून गेला, आणि नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल तोवर चालू लागली होती. पवनी, मोहाडी या भागांतील हातमागावर विणणाऱ्या घरांना गिरणीच्या सुताने आणि कापडाने पिढीजात धंद्यातून उठवले, आणि त्याच गिरणीने त्यांतील कित्येकांना मजुरीही दिली. मात्र ही जाणी बहुधा संपूर्ण कुटुंबाची नसत. एक मुलगा नागपूरला जाई, दुसरा शेतावर राही. सणाला आणि रोवणीला दोघे एकत्र येत. आज याला कोणी जोखीम विभागणे म्हणेल. त्या घरांनी त्याला काही नाव दिले नाही, परंतु पूर्ण घर एका जागी पणाला लावायचे नाही, ही समज त्यात स्पष्ट होती. मूळ गावातले घर उघडे राही, आणि शहरातली मजुरी थांबली तर परतायला जागा असे. दोन चुली ठेवण्याची ही पद्धत अत्यंत जुनी आणि अत्यंत शहाणी आहे, असे आम्हांस वाटते. तिची किंमत बहुधा गावी राहिलेल्या बायकांनी मोजली, हेही सांगितले पाहिजे.

१९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली. जमीनदारी जाणे न्याय्यच होते. तिच्याबरोबर तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव पडले. त्याचे लघुरूप 'मामा तलाव'. कार्यालयीन संक्षेपातून असा घरगुती शब्द निपजावा, ही भाषेची गंमत आहे. पण नात्याच्या नावामागे नाते उरले नव्हते. पाळ कोणी भरायची, सलंग कोणी मोकळी करायची, गाळ कोणी काढायचा, हे प्रश्न गावाच्या चावडीवरून लहान तलाव असल्यास जिल्हा परिषदेत, मोठा असल्यास पाटबंधारे खात्यात गेले. तलावांत गाळ साचत गेला, पोटात अतिक्रमणे झाली. अलीकडच्या काळात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांनी ढिवर समाजाच्या मदतीने काही तलाव पुन्हा जिवंत केले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण आमच्या कथनातील वळण हे, की पूर्वतयारी ही वस्तू येथून पुढे गावाच्या हातून निसटली आणि फायलीत गेली. यानंतरचे स्थलांतर त्यामुळेच निराळ्या जातीचे आहे.

त्या स्थलांतराकडे वळण्यापूर्वी वैनगंगेच्या काठावरील दोन जागा पाहू. पहिली पवनी. एका बाजूला नदी आणि उरलेल्या बाजूंना मातीचा प्रचंड तट व खंदक, अशा बंदोबस्तात हे नगर प्राचीन काळापासून वसलेले आहे. १९६९-७० च्या सुमारास नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी येथे केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. दुसरी जागा आंभोरा. ती नदीपलीकडे नागपूर जिल्ह्यात येते. वैनगंगा, कन्हान, आंब यांसह पाच नद्यांचा संगम तेथे सांगतात. मराठीच्या विद्यार्थ्यास ही जागा निराळ्या कारणाने ठाऊक असते : मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ च्या सुमारास, 'विवेकसिंधु' येथेच रचला असे विदर्भातील परंपरा आणि अनेक अभ्यासक मानतात. अंबेजोगाईचा पक्षही तितकाच आग्रही आहे. तो वाद येथे सोडवायचा नाही. एवढेच नोंदवायचे, की मराठीच्या आद्य ग्रंथांपैकी एकाशी जोडलेल्या या टेकडीभोवती आज जे विस्तीर्ण पाणी दिसते ते एका धरणाचे पाणी आहे, आणि ज्या गावांतून लोक येथे जत्रेला येत, त्यांतील अनेक गावे आता मूळ जागी नाहीत.

हे धरण म्हणजे गोसीखुर्द. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द गावाजवळ वैनगंगेवर घातलेल्या या धरणाची लांबी ११ किलोमीटरहून अधिक आहे आणि त्याला ३३ दरवाजे आहेत. १९८३ साली ३७२ कोटी रुपयांच्या अंदाजाने प्रकल्पास मान्यता मिळाली. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. आणि खर्चाचा अंदाज पुढे १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेला. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचे उद्दिष्ट होते. कोरड्या खंडात धान वाचवणे, हाच याचाही हेतू. त्या अर्थाने गोसीखुर्द ही कोलू पाटलाच्याच पाळीची विराट आवृत्ती म्हणता येईल. फरक क्रमात आहे. कोहळ्याने पाळ घातली ती स्वतःचे घर तिच्या आधाराने वसावे म्हणून. येथे पाळ घातली गेली आणि घराला ऊठ म्हटले गेले.

प्रकल्पग्रस्तांच्या बाबतीत महाराष्ट्र अगदीच निष्काळजी राहिला असे म्हणता येणार नाही. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाची स्मृती या राज्याला आहे. पुनर्वसनाचा कायदा येथे १९७६ मध्ये, बहुतेक राज्यांच्या आधी झाला. १९८६ आणि १९९९ मध्ये तो नव्याने झाला. नव्या गावठाणात शाळा, रस्ते, पिण्याचे पाणी, स्मशानभूमी अशा अठरा नागरी सुविधा असल्या पाहिजेत असे ठरले. यादी वाचली की एक आदर्श गावच डोळ्यांपुढे उभे राहते. पण यादीत जे नाही ते अधिक बोलके आहे. यादीत शेजार नाही, म्हणजे कोणाच्या दाराशी कोणाचे दार येईल याचा विचार नाही. घर आणि शेत यांतील अंतर नाही. आणि मुख्य म्हणजे, तारीख नाही.

या अखेरच्या मुद्द्यावर आम्ही थोडे थांबू इच्छितो, कारण आमच्या मते सर्व प्रकरणाचे मर्म येथेच आहे. एखाद्या गावास 'तुम्ही बुडणार' असे सांगितले जाते, पण केव्हा ते सांगितले जात नाही. भूमिपूजन १९८८ चे. पाणी टप्प्याटप्प्याने चढवणे पुढे दोन दशकांहून अधिक काळ चालले. या मधल्या काळात बुडीत क्षेत्रातील घराने काय करावे? कायद्याने जमिनीच्या हस्तांतरावर बंधने येतात, म्हणून विकता येत नाही. जाणारच आहे, म्हणून कौले बदलण्यात अर्थ नाही. गाव उठणारच आहे, म्हणून रस्ता आणि शाळेची खोली यांवर खर्च करण्यास कोणी तयार होत नाही. सोयरीक जुळवणाराही विचारतो, गाव राहणार आहे का? मुलगा भूमिपूजनाच्या वेळी पाळण्यात असेल, तर तो स्वतः बाप होईपर्यंत हेच ऐकत राहतो. ज्याला संकटाची पूर्ण सूचना आहे पण निर्णयाचा अधिकार नाही, असे हे जगणे. त्याला पूर्वतयारी म्हणता येत नाही. ती टांगणी आहे. पूर्वतयारीला माहितीइतकीच सत्ता लागते, निदान आपले निघणे आपण ठरवण्याइतकी.

२०१३ साली शासनाने प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले, आणि अनेक हक्कांऐवजी रोख रक्कम घेण्याचा मार्ग खुला झाला. रोख रक्कम हाती येणे हे निर्णयस्वातंत्र्य आहे, आणि तिचा तिरस्कार करणे सुखवस्तू लेखकांना शोभत नाही. परंतु रोख घेतलेले घर एकटे निघते. कोणी नागपूरला, कोणी भंडाऱ्याला, कोणी नव्या गावठाणात. भूमिहीन मजुरास आणि नदीवर जगणाऱ्या ढिवरास मोबदल्याच्या हिशेबात मुळातच थोडी जागा, कारण हिशेब सातबाऱ्यावरून होतो आणि नदीचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो. गावाची तयारी एकत्र होती. भरपाई मात्र घरागणिक मोजली गेली.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०२० चा पूर वाचला पाहिजे. महिन्याच्या अखेरच्या दिवसांत, २९ ते ३१ तारखांना, वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून आणि इतर धरणांतून पाणी सोडले गेले, कन्हानही फुगली, आणि गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. धरणाच्या वर भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. धरणाच्या खाली पवनी आणि लाखांदूर तालुक्यांतील काठची गावे वेढली गेली. करोनाची साथ सुरू असतानाच माणसांना शाळांतून एकत्र राहावे लागले. एका संकटात अंतर राखायचे आणि दुसऱ्यात एका छताखाली जमायचे, असा हा पेच होता. या पुरात आम्हांस पुन्हा सलंग आठवते. जुन्या साखळीत वरच्या तलावाचे पाणी कोठे पडणार हे खालच्या गावास ठाऊक असे, कारण दोन्ही तलावांची माणसे एकमेकांस ओळखत. येथे वरचे धरण एका राज्यात, खालचे दुसऱ्या राज्यात; मधल्या निरोपाला जितके तास लागतील तितके तास काठावरच्या घराकडून वजा होतात. गुरे सोडायची, धान माळ्यावर चढवायचे, म्हाताऱ्यांना हलवायचे, या सगळ्यासाठी तेवढेच तास असतात.

संकटानंतरच्या स्थलांतराचे उदाहरण तुलनेसाठी घ्यायचे तर किल्लारीचे घ्यावे लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे भूकंप सोसतील अशी बांधली गेली, यात शंका नाही. मात्र आखीव चौकोनांत वसलेल्या त्या गावठाणांत जुन्या आळ्यांचा आणि वाड्यांचा दाटपणा राहिला नाही, गाव पसरले आणि शेत लांबले, हे पुढील अभ्यासांतून वारंवार मांडले गेले आहे. भिंत मजबूत झाली आणि भिंतीला कान देणारा शेजार विरळ झाला. भूकंपात ढिगाऱ्याखालच्या माणसाला पहिल्या तासात जो बाहेर काढतो तो शेजारी असतो. पथके नंतर येतात. त्यामुळे शेजार ही भावुकतेची बाब आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. तो सुरक्षेचाच एक भाग आहे.

मराठी साहित्याने विस्थापनाची दखल घेतली नाही असे कोणी म्हणणार नाही. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'स १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि धरणग्रस्तांची फरफट त्या कादंबरीमुळे अभ्यासक्रमांपर्यंत पोहोचली. तथापि आपल्या कथनांत घर सोडणे बहुधा दोनच रूपांत येते : एक तर उन्मळणे म्हणून, किंवा शहराकडे नेणारी महत्त्वाकांक्षा म्हणून. दूरदृष्टी म्हणून ते क्वचितच येते. खिंड शोधत निघालेला कोहळी, एक मुलगा गिरणीवर आणि एक नांगरावर ठेवणारी विणकराची आई, पुराचा निरोप येण्यापूर्वीच गुरांचे दोर सोडणारी काठावरची बाई, ही माणसे आपल्या कादंबरीत अजून नीट आलेली नाहीत. ती दंडारीत आणि झाडीबोलीच्या कथनांत शोधावी लागतील, आणि हे काम पूर्व विदर्भातील मराठीच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. एका वर्गाने एका पावसाळ्यात चार नव्या गावठाणांत जाऊन, घर हलवताना काय सोबत घेतले आणि काय मागे ठेवले, एवढेच विचारले तरी मोठा ठेवा जमेल.

आमच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. भंडाऱ्यात, वैनगंगेच्या काठी राहणारे एखादे कुटुंब आज येथून निघावे की काय असा विचार करीत असेल, आणि तसा विचार करणारी कुटुंबे आहेत, तर इतिहास त्याला कोणता सल्ला देतो? उंच जागा पाहावी, हे तो सांगतोच. त्याखेरीज तो तीन प्रश्न विचारावयास लावतो. नव्या जागेतले पाणी कोणाच्या हातात आहे? जादा झालेले जाईल कोठे, म्हणजे सलंग कोठे आहे. पाण्याची, आणि आपलीही? आणि आपल्यासोबत कोण येते आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकाशावर आणि तलाठ्याच्या दप्तरात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत सामान बांधू नये, असे आम्हांस वाटते. कोहळ्यांची आख्यायिका कितीही काल्पनिक असो, तिच्यात एक तपशील कधी बदलत नाही : काशीहून चांद्याकडे एकटा माणूस निघाला असे ती कोठेही सांगत नाही.